कॅमशाफ्ट नसलेली गाडी

दिवसभर मी कॅमशाफ्ट मोजतो.
चिंचोळीच्या एमआयडीसीत, तिसऱ्या शेडमागच्या काचेच्या खोलीत,
जिथं एसी माणसांसाठी नाही, गेजसाठी असतो.
एक मायक्रॉन वर, एक मायक्रॉन खाली,
अंडाकृती पाकळ्यांवरून सरकतं सुईचं टोक.
त्याच पाकळ्या कुठल्या कुठल्या देशांत
व्हॉल्व्ह उघडतात, मिटतात.
आईच्या गोळ्या त्यावर. प्लॉटचा हप्ता त्यावर.

आणि मी पैसे घातले अशा गाडीत
जिच्या इंजिनात कॅमशाफ्टच नाही.

एकटा नव्हतो. टूलरूमची तस्नीम नदाफ होती,
आणि इरेश म्हमाणे, ज्यानं दुसऱ्याच महिन्यात अंग काढून घेतलं:
"लिटरला सहा किलोमीटर? त्यापेक्षा म्हैस पाळतो."

जपानी, लाल, दोन दारांची,
पुण्याच्या कुठल्याशा गोदामात नऊ वर्षं
ताडपत्रीखाली निजलेली.
इंजिन उघडलं त्या रात्री
तस्नीम बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली,
"अरे, ही तर शेंग आहे."

खरंच. दोन दाण्यांची शेंग, मधे कमरेत दाबलेली,
आणि आत दाणा एकच:
तीन कोपऱ्यांचा, गाल फुगलेला,
टरफलाला तिन्ही टोकांनी चाटत फिरणारा.
वर जाऊन थांबणं नाही,
खाली येऊन थांबणं नाही.

कॉलेजात हे सव्वा पानात संपलं होतं.
"परीक्षेला येत नाही," सर म्हणाले, पान उलटलं.
माझं बोट त्या पानातच राहिलं.

दोष? विचारा ना, तोंडपाठ आहेत.
टोकांच्या पट्ट्या झिजतात.
ऑइल पिते, आणि प्यायलाच हवं, नाहीतर मरते.
थंड असताना सुरू करून, चार हात पुढं घेऊन बंद केली
की रुसते, प्लग पेट्रोलात बुडवून बसते.
गरम झाली तरी रुसते,
आणि सोलापुरात गरम कधी नसते?
मे महिन्यात बॉनेट उघडून
आम्ही तिला टॉवेलनं वारा घातलाय.

लोक विचारतात, कशासाठी?
आधी मी वजन सांगायचो, नऊ हजार आरपीएम सांगायचो.
खोटं नव्हतं. पण उत्तरही नव्हतं.
तस्नीम सांगते ते बरं:
"दिवसभर दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर चालते मी.
रात्री बघायचं असतं,
कोऱ्या कागदावर कुणी पहिली रेघ
अशी वाकडी मारायला धजलं कसं."

एका रविवारी वडील आले. अंबादास येमूल,
बत्तीस वर्षं मागांवर जॉबर, दोन्ही कानांनी गेलेले.
गाडी सुरू होती. त्यांनी बॉनेटवर तळवा टेकला,
ताप बघावा तसा.
"आगदू," म्हणाले, घरच्या तेलुगूत. थांबत नाही हे.
मग हवेत धोटा फेकून दाखवला,
इकडून तिकडं, तिकडून इकडं,
प्रत्येक टोकाला एक दणका.
"पोचून परत फिरायचं ना, तिथंच सगळं मोडतं.
दांडी तिथंच. सूत तिथंच."
कानाला हात लावला. पुढचं बोलले नाहीत.

त्यांना विजापूर रोडला नेलं, सोरेगावच्या पुढं.
डायलवरचा काटा लाल रेघेला भिडला
तेव्हा ते हसले. दात नसलेलं, पूर्ण हसू.
रसवंतीवर थांबलो. किती लिटर लागतं, त्यांनी खुणेनं विचारलं.
मी बोटांवर निम्मं दाखवलं.

परत निघताना, अर्थात, सुरू झाली नाही.
रसवाल्यानं चरक थांबवला, घुंगरं गप्प झाली,
तस्नीमनं ओढणी कमरेला खोचली,
ती उजवीकडून, मी डावीकडून, रसवाला मागून,
आणि आत, स्टिअरिंगमागं,
जन्मात कधी गाडी न चालवलेले माझे वडील.
रस्ता सरळ होता.
ते चाक फिरवतच होते.